चाळीस अंडी आणि चार ठोके

हिरादोच्या बंदरातून वर जाणारी चढण तिसऱ्यांदा वळते, तिथं हामासाकींचं दुकान होतं. ज्यानं तिथला कास्तेरा खाल्ला त्याला दुसरीकडचा गोड लागत नसे, आणि ज्यानं खाल्ला नव्हता त्याच्याशी हिरादोकर मिठाईबद्दल बोलायच्या भानगडीत पडत नसत. अंडी, साखर, मैदा आणि पळीभर चिकट पाक, एवढ्यावर सगळा खेळ. लाकडी चौकटीत ओतायचं, निखाऱ्यांच्या भट्टीत भाजायचं, की पिवळाधमक ओलसर केक तयार. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. तरी नागासाकीचे नावाजलेले हलवाई बोटीनं यायचे, एक तुकडा खायचे, दुसरा खायचे, मान हलवायचे आणि संध्याकाळच्या बोटीनं आले तसे परत जायचे.

गोम होती मापात, आणि माप होतं म्हाताऱ्या तामेकिचीच्या हातात. त्याच्या आजोबांनी देवदाराचा एक मासू करवून घेतला होता. मासू म्हणजे चौकोनी लाकडी मापटं, एक शो मावेल एवढं. घरोघरी तांदूळ त्यानंच मापत. हामासाकींचा हा मासू मात्र फक्त मैद्याचा. कोपरे काळेभोर, कडा हात लागून लागून गुळगुळीत. एका चौकटीला चाळीस अंडी, साखर एक शो आणि वर तीन गो, मैदा एक शो; दहा गोंचा एक शो. हे सांगायला म्हाताऱ्याची कधी ना नसे. बंदरावरच्या हमालालाही त्यानं सांगून टाकलं होतं. पण मासूला त्याच्याशिवाय कुणी शिवायचं नाही. साखर सुनेनं घ्यावी, अंडी सुनेनं फोडावीत, मैदा मात्र म्हातारा स्वतः भरणार, वरून काठी फिरवून सपाट करणार आणि भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे चाळायला देणार.

सून म्हणजे हिसाए. शेजारच्या इकित्सुकी बेटावरची, मासळीच्या लिलावात काटा धरणाऱ्याची मुलगी. 'काट्याला ना भाऊ ना व्याही' हे तिच्या बापाचं पालुपद, आणि तेच तिनं माहेराहून आणलेलं खरं आंदण. लग्नानंतर बारा वर्षं ती भट्टीशी उभी होती. नवरा यासुजी हा घरातला एकुलता एक मुलगा. पण त्याचे डोळे धुरानं चुरचुरत, म्हणून त्यानं नगर कार्यालयात कारकुनी पत्करली होती. म्हाताऱ्यानं त्याला त्याबद्दल माफ केलं होतं. म्हणजे रोज फक्त एकदाच टोमणा मारायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात यासुजी कार्यालयातून एक छापील कागद घेऊन आला आणि हात चोळत बापासमोर बसला.

"बाबा, एक जानेवारीपासून शो, गो, मोम्मे, कान ही जुनी मापं-वजनं सगळी बंद. व्यवहार फक्त ग्रॅम आणि लिटरमध्ये. मैद्याची पोतीसुद्धा किलोनंच येणार."

"कुणी सांगितलं?"

"सरकारनं."

"सरकारनं कधी कास्तेरा भाजलाय?"

"दुकानोदुकानी हे सांगायचं काम माझ्याकडेच आहे," यासुजी कागदाकडे बघत म्हणाला. "म्हटलं, घरापासून सुरुवात करावी."

"वा! भट्टीचा धूर सोसवेना, आणि आता बापाचा मासू काढून घ्यायला आला. चांगले पांग फेडतोयस हो." त्या दिवसाचा टोमणा म्हाताऱ्यानं असा दुप्पट वसूल केला आणि तो उठून गेला.

मग तीन दिवस तो गप्प होता. चौथ्या दिवशी जेवताना त्यानं वाटी खाली ठेवली.

"हिसाए, ऐक. माझ्या डोळ्यांत धुकं उतरलंय. मासू जाणार तर त्याच्याबरोबर मीही भट्टीवरून उठणार. भाजणं तुला येतं, ते मी नाकारत नाही. माप तुला येत नाही. वर्ष संपायच्या आत माझा मासू तुझ्या त्या ग्रॅममध्ये बसवून दाखव. तोच कास्तेरा निघाला तर दुकान तू चालव. नाही निघाला, तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी दारावरचा पडदा मी माझ्या हातानं उतरवीन आणि घडी करून पेटीत ठेवीन. हामासाकीचं नाव लावून भलतंसलतं विकलेलं मला चालायचं नाही."

निळा, पांढऱ्या अक्षरांचा तो पडदा चार पिढ्या दारावर होता. हिसाएनं "बरं" म्हटलं, पण तिचा घास तोंडातच राहिला. दुकान गेलं तर पोटाची सोय झाली असती. नवऱ्याचा पगार होता. पण बारा वर्षं निखाऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून हात भाजून घेतले ते काय पगारासाठी? या गावात ती 'कोळ्याची पोर' म्हणून आली होती. आता बंदरावर तिला 'हामासाकीची हिसाए' म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

काम सोपं वाटलं. यासुजीनं नवा काटा आणि पितळी वजनांची पेटी आणली, कानावर पेन्सिल अडकवली आणि दोन मिनिटांत हिशेब मांडला.

"एक शो म्हणजे एक लिटर आणि आठशे मिली. एक लिटर मैदा पाचशे तीस ग्रॅम, असं आमच्या पुस्तिकेत आहे. म्हणजे झाले नऊशे चोपन्न. बघ, संपलं! एवढ्यासाठी बाबांनी तीन दिवस तोंड फुगवलं."

दुसऱ्या दिवशी हिसाएनं बरोबर नऊशे चोपन्न ग्रॅम तोलून तीन चौकटी भाजल्या. कास्तेरा एक दिवस मुरवावा लागतो, म्हणून त्याच्या पुढच्या दिवशी कापल्या. तिघी बहिणी, पण एकीचं तोंड दुसरीला मिळेना. पहिली मधोमध बसलेली आणि खाली ओली. दुसरी बरी. तिसरी कोरडी, सुरी लावली की चुरा सांडणारी. म्हाताऱ्यानं तिन्हींवर बोट दाबून बघितलं.

"ही रडतेय. ही ठीक आहे. ही पाव आहे, हिला सुपाबरोबर दे." मग काही वेळानं म्हणाला, "माझ्या चौकटी अशा आपसात भांडत नाहीत."

ते खोटं नव्हतं. त्याची पहिली आणि तिसरी चौकट शेजारी ठेवली तर त्याची स्वतःची बायकोही कधी ओळखू शकली नव्हती.

हिसाएला वाटलं, पुस्तिकेतला मैदा पुस्तिकेत, आपल्या मासूतला मैदा आपल्या मासूत. लाकूड झिजलेलं असेल, आकार थोडा वेगळा असेल. अंदाज कशाला करायचा? म्हातारा भरतोय तोच मैदा काट्यावर ठेवला की झालं. तिनं तसं विचारलं, आणि विचारून पस्तावली.

"माझ्या हाताला काटा लावणार? मी काय तुझ्या बापाच्या लिलावातला मासा आहे?"

"बाबा, तुमच्या हाताला नाही हो, मैद्याला."

"मैदा कुणी भरला? हातानंच ना? मग!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पण हिसाए कोळ्याची पोर. समोरून मासा येत नसेल तर जाळं बाजूनं टाकायचं, हे तिला शिकवायला नको होतं. मैदा चाळायला भिंतीपलीकडे तिच्याकडेच येत होता. तिनं काटा तिथं नेऊन ठेवला. खिडकीतून मैदा आला की आधी काट्यावर, मग चाळणीत. दिवसाला तीन चौकटी, तीन आकडे. वजनं अलगद ठेवायची, तरी पितळ ते पितळ, टिण्‌ टिण्‌ वाजायचंच.

पहिल्या दिवशी आकडे आले एक हजार बारा, नऊशे सत्तर, एक हजार चाळीस. तिला वाटलं, काटा नीट बसला नसेल. पायाखाली पाचर मारली. दुसऱ्या दिवशी नऊशे सत्तेचाळीस, एक हजार तीस, नऊशे नव्वद. बारा दिवस झाले, छत्तीस आकडे वहीत उतरले, आणि त्यांत एकाला दुसऱ्याशी घेणंदेणं नव्हतं. कमी-जास्त किती, तर शंभर ग्रॅमांपर्यंत. मासळीबाजारात एवढी तफावत आली असती तर डोकी फुटली असती.

तिच्या मनात आलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. म्हाताऱ्याचा हात गेला. डोळ्यांबरोबर हातही गेला, आणि हे त्याला सांगायचं कुणी? पण मग कास्तेरा? तो तर रोज जसाच्या तसा उतरत होता. तीच उंची, तोच ओलावा, कापल्यावर तीच मऊ रेघ. काटा खोटं बोलत नाही, हे ती बापाच्या मांडीवर शिकली होती. कास्तेराही खोटं बोलत नाही, हे बारा वर्षांत शिकली होती. आता दोघं एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देत होते.

म्हाताराही त्या दिवसांत बदलला. ओरडेना, टोमणेही मारेना. मैदा भरून खिडकीतून दिला की तो तिथंच भिंतीशी उभा राहायचा, तळहात एकमेकांवर चोळत. यासुजी तर घाबरलाच. "बाबा दोन दिवस मला काहीच बोलले नाहीत गं. बरं नाही का त्यांना?"

यासुजीनंच मग छत्तीस आकड्यांची सरासरी काढून दिली. एक हजार दोन. हिसाएनं तेवढा मैदा तोलून पुन्हा तीन चौकटी केल्या, आणि पुन्हा एक रडली, एक बरी निघाली, एक पाव झाली. डिसेंबरची अठरा तारीख होती. गल्लीत लोकांनी घरं झाडायला, नव्या वर्षाच्या मोचीसाठी, म्हणजे कांडलेल्या भाताच्या चिकट गोळ्यांसाठी, उखळं धुवायला काढली होती. समोरच्या तोफूवाल्या गेन्झोनं मुद्दाम येऊन विचारलं, "हिसाएसान, म्हणतात पडदा उतरणार? माझी बायको रडतेय. म्हणजे तुमच्यासाठी नाही, कास्तेऱ्यासाठी." हिसाए हसली, आणि आत जाऊन तिनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुसऱ्या चौकटीची अंडी फोडून पातेलं म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि नवऱ्याला न्याहारी वाढायला स्वयंपाकघरात आली. यासुजी सूप फुरकत होता. मागून भट्टीघरातून आवाज आला: ठक, ठक, ठक, ठक. म्हातारा मासू भरताना पाटावर ठोकायचा, त्याचा आवाज. बारा वर्षं हिसाए तो ऐकत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही तसा तो तिला ऐकूच येत नव्हता.

"चार," यासुजी फुरकणं न थांबवता म्हणाला. "अंडी मोठी आलीत वाटतं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. आई म्हणायची. आम्ही वर अंथरुणात असायचो, खालून ठोके यायचे. चार ठोके वाजले की ती म्हणायची, आज अंडी मोठी आहेत. एकच वाजला की म्हणायची, कोंबड्या रुसल्यात." त्यानं वाटी खाली ठेवली. "का गं? अशी काय बघतेस?"

हिसाएच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला होता. चाळीस अंडी! तिनं मैदा तोलला होता, साखर तोलली होती, पाकाची पळीसुद्धा तोलली होती. अंडी तोलली नव्हती. कारण अंडी मोजतात. चाळीस म्हणजे चाळीस. मोजलेल्या वस्तूला पुन्हा कोण तोलतं? मासळीबाजारातली पोर म्हणवायची आणि एवढं कळू नये? तिच्या बापानं चाळीस बांगडे नगावर कधी विकले असते का?

ती चपला न घालताच भट्टीघरात पळाली. म्हातारा पातेलं बाजूला ठेवून मासूवरून काठी फिरवत होता. तिनं त्याला हटकलं नाही. तिसऱ्या चौकटीची अंडी तिनं भिंतीपलीकडे नेऊन फोडली, दहा-दहाच्या चार वाट्यांत तोलली आणि मग पातेल्यात ओतली. दोन हजार चौसष्ट. पातेलं म्हाताऱ्याला दिलं, आणि या वेळी ती गेली नाही, खिडकीतून बघत राहिली. म्हाताऱ्यानं पातेलं कवेत घेतलं, जागच्या जागी एकदा झुलवलं, जसं तान्हं मूल आधी जरा तोलून मग खांद्यावर घेतात. खाली ठेवलं. मासू मैद्यानं भरला. ठक, ठक, ठक. मैदा दबून खाली गेला, तेवढा वरून पुन्हा घातला, काठी फिरवली. खिडकीतून मैदा आला. तिनं काट्यावर ठेवला.

एक हजार एकतीस.

तिनं पेन्सिलीनं वहीत दोन हजार चौसष्टचं निम्मं केलं. एक हजार बत्तीस. एका ग्रॅमचा फरक! 

एकदा जमलं त्याला योगायोग म्हणतात, हेही तिला बापानंच शिकवलं होतं. ती सहा दिवस गप्प राहिली. रोज अंडी तोलली, ठोके मोजले, मैदा तोलला. अंडी एक हजार नऊशे दोन, एक ठोका, मैदा नऊशे बावन्न. अंडी दोन हजार एकशे दहा, चार ठोके, मैदा एक हजार चोपन्न. अठरा चौकटींत सगळ्यांत मोठी चूक किती, तर तीन ग्रॅम. तीन ग्रॅम म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा मैदा. आणि हे कोण करत होतं? ज्याला समोरच्या माणसाचं नाक धड दिसत नव्हतं तो म्हातारा, एका जुन्या खोक्यानं.

शेवटचा आकडा उतरवला तेव्हा हिसाए चाळणीपाशी खाली बसली. अभिमान वाटला. आधी म्हाताऱ्याचा, आणि मग, काय लपवायचं, स्वतःचाही. तीन पिढ्या या घरात तो ठोका वाजत होता, आणि त्याचा हिशेब शेवटी मांडला तो इकित्सुकीच्या कोळ्याच्या पोरीनं.

अठ्ठावीस तारखेला तिनं म्हाताऱ्याला भट्टीघरात येऊ दिलं नाही. अंडी तोलली, निम्मा मैदा तोलला, मासू फळीवरून खाली काढलाच नाही. तीन चौकटी भाजल्या. मुरायला ठेवल्या. तीस तारखेच्या सकाळी तिनं दोन बशा मांडल्या. एकीत सत्तावीस तारखेचा म्हाताऱ्याचा तुकडा, दुसरीत तिचा. यासुजी रजा घेऊन घरी बसला होता आणि बापापेक्षा त्यालाच जास्त घाम फुटला होता.

म्हाताऱ्यानं पहिला तुकडा नाकाशी नेला, मोडला, खाल्ला. चहा प्याला. दुसरा मोडला, खाल्ला. मग पहिला पुन्हा. मग दुसरा पुन्हा. यासुजीला राहवेना.

"बाबा, यातला तुमचा कोणता?"

"दोन्ही."

"दोन्ही कसे? एक हिसाएचा आहे."

"दोन्ही माझे," म्हातारा ठामपणे म्हणाला. "यातला एक माझा नाही असं म्हणणारा असेल कुणी, तर त्याला आण माझ्यासमोर."

हिसाएनं चटईला हात टेकून मान लवली. "बाबा, उजवीकडचा मी केलाय. मासूला हात न लावता. ग्रॅमवर."

म्हाताऱ्यानं बशी बाजूला सारली. त्याचे हात मांडीवर होते, आणि तो पुन्हा तळहात चोळत होता. बोलला तेव्हा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मग तू त्या माझ्या आकड्यांचं काय केलंस? अशी दचकू नकोस. इतके दिवस भिंतीपलीकडे टिण्‌ टिण्‌ चाललंय, मी आंधळा होतोय, बहिरा नाही. एक मोठं वजन, मग बारकी. कधी तीन बारकी, कधी सात. रोज वेगळी, दर चौकटीला वेगळी. आणि मग तुझा सुस्कारा." तो थांबला. "मला कळलं होतं गं. हात गेला माझा. तू चांगली, म्हणून बोलली नाहीस."

हिसाए उठली, वही आणली, आणि त्याच्यासमोर उघडून मोठ्यानं वाचायला लागली. तारीख, अंडी, ठोके, मैदा, निम्मं, फरक. एक ग्रॅम. शून्य. दोन ग्रॅम. एक ग्रॅम. 

"बाबा, हात गेला नाही. अंडी रोज वेगळी असतात, म्हणून मैदा रोज वेगळा. तुम्ही पातेलं उचलता तेव्हाच तुमच्या हातांना वजन कळतं, आणि तेवढे ठोके तुम्ही मासूला देता. अंडी जड तर ठोके जास्त, मैदा जास्त दबतो. दर वेळी बरोबर अंड्यांच्या निम्मा."

"ठोके? कोण ठोके देतं?"

"तुम्ही," यासुजी म्हणाला. "माझ्या जन्मापासून देताय."

"काहीतरीच! मासू नुसता जरा बसवून घेतो मी. माझे वडील बसवायचे तसा." म्हाताऱ्यानं वहीवर तळहात ठेवला. मग हळूच म्हणाला, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तो आकड्यांबरोबर मान डोलवू लागला, आणि तीन ग्रॅमांची चूक आली तिथं त्यानं तिला अडवलं.

"ती कोणत्या दिवशीची?"

"तेवीस तारखेची. दुसरी चौकट."

"त्या दिवशी हा," त्यानं मुलाकडे हनुवटी केली, "मध्येच येऊन मोजे कुठे ठेवलेत विचारत होता. नाहीतर ती चूक झालीच नसती."

यासुजीचा चेहरा उजळला. बाप पुन्हा टोमणे मारायला लागला होता.

पडदा उतरला नाही, हे सांगायला नकोच. नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत म्हातारा गल्लीतल्या प्रत्येक घरी शुभेच्छा द्यायला गेला. दर वर्षी तो दारातूनच परतायचा. या वर्षी आत बसला. "अठरा चौकटी, जास्तीत जास्त चूक तीन ग्रॅम, आणि तीही मुलाच्या मोज्यांमुळे," हे त्यानं देवळाच्या पुजाऱ्यापासून बोटीच्या तिकीटवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. ज्या ग्रॅमला तो महिनाभर नाकं मुरडत होता, तो आता त्याच्या तोंडी असा बसला होता, जणू सरकारनं ते माप खास त्याच्या हाताची परीक्षा घ्यायला काढलं होतं. आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "हे शोधून कुणी काढलं? आमच्या सुनेनं. कोळ्याची आहे ती. तिच्या हातून काही निसटायचं नाही."

चार तारखेला दुकान उघडलं. म्हातारा आता भट्टीघरात नव्हता. तो बाहेर शेगडीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा बसला. आत हिसाएनं पहिल्या चौकटीची अंडी तोलली. दोन हजार शहाण्णव. मैदा एक हजार अठ्ठेचाळीस. काटा मधोमध उभा राहिला. सगळं नीट होतं, तरी घरात कसलीतरी उणीव भासत होती.

तेवढ्यात रस्ता ओलांडून गेन्झो आला, हात तोफूच्या पाण्यानं ओले.

"तामेसान, सगळं ठीक ना? पडदा तर दिसतोय, पण ठोके ऐकू आले नाहीत. मी आमचा सोयाबीन त्या ठोक्यांवरच चुलीवर चढवतो. आज सगळा घोळ झाला."

म्हातारा आतल्या बाजूला वळला. मग त्यानं आत हाक मारली.

"हिसाए! अंडी किती आली?"

"दोन हजार शहाण्णव, बाबा!"

"मग मासू घे फळीवरचा."

हिसाएला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बारा वर्षांत तिनं त्या मासूवरची धूळसुद्धा पुसली नव्हती. तीही म्हातारा स्वतः पुसायचा.

"मी घेऊ?"

"मग काय गेन्झो घेईल? घे, आणि वाजव. गल्लीला कळू दे."

तिनं हात एप्रनला पुसले आणि मासू दोन्ही हातांनी खाली घेतला. वाटला होता त्याहून तो हलका होता. तीन पिढ्यांच्या बोटांनी कडेला जिथं खळगा पडला होता, तिथं तिची बोटं आपोआप बसली. तिनं तो रिकामाच पाटावर धरला आणि ठोकला. ठक, ठक, ठक, ठक.

"ऐकलंस?" बाहेर म्हातारा गेन्झोला म्हणाला. "चार. आज अंडी मोठी आहेत."